सोने, पाणी आणि वाळवंटातील दोन शहरे

पश्चिम ऑस्ट्रेलियातील कालगुर्ली शहराच्या हमरस्त्यास हॅनन स्ट्रीट असे नाव आहे. आणि ज्याच्या नावाने हा रस्ता ओळखला जातो त्या पॅडी हॅननचा पुतळा १९२९ साली त्याच रस्त्यावर बसविण्यात आला. ज्या मनुष्याने या शहराचे सोने प्रथम शोधून काढले त्याच्या हाती शिल्पकाराने काय द्यावे? सोन्याचा गोळा दिला असता तरी कोणास नवल वाटले नसते. परंतु या पुतळ्याच्या हाती आहे ती पाण्याची छागल. आणि तीही नुसती शोभेची नव्हे, तर जाणाऱ्या-येणाऱ्या तहानेल्या माणसास तिच्यातून घोटभर पाणी मिळावे अशी सोय मुळातच केलेली होती. सोने शोधणाऱ्याच्या पुतळ्याची पाणपोई व्हावी, हा केवळ शिल्पकाराच्या लहरीचा खेळ नाही. १८९२ ते १९०३ या अकरा वर्षांचा इतिहास त्या छागलीत साठविलेला आहे. सोन्याने माणसांना त्या माळावर बोलावून आणले हे खरे. पण शहर वसविले ते पाण्याने, आणि त्या पाण्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांत सोने न मिळालेलेच पुष्कळ होते.

ऑस्ट्रेलिया खंडाचा पश्चिमेकडील सुमारे एक तृतीयांश भाग ही त्या वेळी इंग्रजांची एक विरळ वस्तीची वसाहत होती. तिला १८९० साली स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याचा अधिकार मिळाला आणि जॉन फॉरेस्ट हा तिचा पहिला मुख्य प्रधान झाला. १८९१ च्या खानेसुमारीत वसाहतीतील गोऱ्या लोकांची संख्या पुरती पन्नास हजारही भरली नाही. वस्ती होती ती पर्थ व फ्रीमँटल या समुद्राजवळच्या शहरांच्या आसपास. पूर्वेकडे तीन-साडेतीनशे मैल जावे तो निलगिरीच्या जातीची झाडे, तांबडी माती आणि खाऱ्या पाण्याची उथळ सरोवरे एवढेच दिसे. पाऊस वर्षाकाठी जेमतेम दहा इंच; नदी नाही, झरा नाही, गोड पाण्याची विहीर नाही. चार्ल्स हंट नावाच्या मोजणीदाराने १८६० नंतरच्या दशकात या वाटेवर काही विहिरी व टाकी बांधवून ठेवली होती. पुढे सोन्याच्या मागे धावणाऱ्यांना त्याच वाटेचा आधार झाला.

१८९२ च्या सप्टेंबरच्या १७ तारखेस आर्थर बेली नावाचा एक तरुण सदर्न क्रॉस या खाणीच्या गावी घोड्यावरून येऊन थडकला, आणि त्याने तेथील अधिकाऱ्यापुढे ५५४ औंस, म्हणजे सुमारे पावणेपंधराशे तोळे, सोने ओतले. हे सोने त्याने व त्याचा जोडीदार विल्यम फोर्ड याने पूर्वेस सव्वाशे मैलांच्या सुमारास असलेल्या एका जागी मिळविले होते. त्या जागेचे नाव कूलगार्डी. बातमी फुटताच सदर्न क्रॉसचे लोक रातोरात निघाले. पुढल्या वर्षी, १८९३ च्या जूनमध्ये, हॅनन, फ्लॅनगन व शे या तिघा आयरिशांना कूलगार्डीपासून पंचवीस मैलांवर आणखी सोने सापडले. हॅननने १७ जून रोजी त्याची नोंद केली, आणि आठवड्याभरात शेकडो माणसे तेथे माती उकरू लागली. हेच पुढे कालगुर्ली झाले. हा वेळेचाही योग होता. मेलबोर्नकडच्या वसाहतींत त्याच सुमारास पेढ्या बुडाल्या होत्या आणि हजारो कारागीर व कामकरी बेकार झाले होते. सोन्याच्या हाकेस ओ देणाऱ्यांत साहसी होते तसे निरुपाय झालेलेही होते.

या प्रथमच्या लोकांची खाण म्हणजे काय होती? यंत्र नाही, भुयार नाही, भांडवल नाही. सरकारी परवाना घ्यावा, जमिनीच्या एका तुकड्याच्या चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोकाव्या आणि कुदळ चालवावी. अन्यत्र असे सोने पाण्याने माती धुऊन वेगळे काढतात. येथे पाणीच नसल्यामुळे वाऱ्याकडून ते काम करून घ्यावे लागले. आपल्याकडे खळ्यावर शेतकरी धान्य उफणतो, तसे हे लोक माती उफणीत. एक घमेले जमिनीवर ठेवावयाचे, दुसरे माथ्यापर्यंत उंच धरून त्यातील माती हळूहळू खाली सोडावयाची. वारा धूळ उडवून नेई, जड कण खाली पडत. असे अनेकदा केल्यावर तळाशी जे मूठभर राही त्यावर तोंडाने फुंकर घालून सोन्याचे कण वेचावयाचे. पुढे चाळणी व भाता जोडलेली लाकडी यंत्रे निघाली, तरी मूळ युक्ती उफणणीचीच राहिली. हजारो माणसे अशी माती उफणू लागली म्हणजे सारा प्रदेश तांबड्या धुळीने भरून जाई. धूळ अंगावर बसे, घशात जाई, अन्नात पडे; आणि अंग धुण्यास पाणी नसे.

पाण्याचा प्रश्न आरंभी नुसता गैरसोयीचा होता तो लवकरच जीवनमरणाचा झाला. खाऱ्या सरोवरांच्या काठी लोखंडी टाक्या उभारून, त्यांखाली लाकडाच्या भट्ट्या पेटवून, पाण्याची वाफ नळ्यांतून थंड करून गोडे पाणी काढीत व ते गॅलनच्या मापाने विकीत. टंचाईच्या दिवसांत गॅलनला दोन शिलिंग आणि त्याहूनही अधिक दर चढे. घोड्याला एका दिवसात जितके पाणी लागे तितक्याच्या किमतीत माणसाचा कित्येक दिवसांचा शिधा आला असता. सोने न मिळालेला मनुष्य कर्जात बुडे तो प्रथम पाणीवाल्याच्या. हे विकत घेतलेले पाणी पुरे नाही म्हणून लोक जे डबके मिळेल त्याचे पीत. तंबूंची दाटी, मैल्याची व्यवस्था नाही, माश्यांचे थवे. मग विषमज्वराची साथ न येती तरच आश्चर्य. त्या साथीने उन्हाळ्यामागून उन्हाळे बळी घेतले. कूलगार्डीच्या स्मशानात पुरलेल्यांत विशी-तिशीतले तरुण फार आहेत. त्यांतील कित्येकांची नावेही कोणास ठाऊक नव्हती.

ही भूमी निर्जल होती, पण निर्जन नव्हती. तेथे सहस्रावधी वर्षे राहत आलेल्या मूळच्या लोकांना पाणी कोठे असते हे माहीत होते. खडकातील खोल खळग्यांत साचलेले पावसाचे पाणी ते दगडांनी व फांद्यांनी झाकून ठेवीत, म्हणजे ते उन्हाने आटत नसे व जनावरांनी घाण होत नसे. एका खळग्यावर थोडी माणसे थोडे दिवस राहत व पाणी संपण्यापूर्वी पुढे जात. हे जपून वापरावयाचे पाणी घोड्यांच्या व उंटांच्या तांड्यांपुढे एका दिवसात संपू लागले. इतकेच नव्हे, तर पाणी दाखवीत नाहीत म्हणून या लोकांना पकडून बांधून ठेवण्याचे प्रकार घडले. डेव्हिड कार्नेगी या प्रवाशाने १८९६-९७ मध्ये याच प्रदेशातून उत्तरेकडे मोहीम नेली. पकडलेल्या माणसांना खारट मांस खाऊ घालून तहानेने व्याकूळ करावयाचे व मग ते पाण्याकडे धावले म्हणजे मागोमाग जावयाचे, हा आपला उपाय त्याने आपल्या ग्रंथात स्वतःच लिहून ठेवला आहे. कालगुर्ली हे नाव त्या लोकांच्या भाषेतील एका रानफळाच्या नावावरून आले आहे. नाव राहिले, पाणवठे गेले.

घोडे जेथे तहानेने मरत तेथे उंट चालत. आणि उंटांबरोबर त्यांचे हाकणारेही आले. ऑस्ट्रेलियात मोठ्या संख्येने उंट प्रथम आले ते १८६० साली, कराचीच्या बंदरातून. आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत होती. पुढली चाळीस-पन्नास वर्षे सिंध, बलुचिस्तान, पंजाब आणि अफगाणिस्तान या मुलखांतील माणसे तिकडे जात राहिली. तेथील लोक या सर्वांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. आपल्याकडील लमाणांच्या तांड्यांनी ज्याप्रमाणे एके काळी सैन्यांना धान्य पुरविले, त्याप्रमाणे या उंटवाल्यांनी सोन्याच्या शेतांना पीठ, अवजारे, टपाल आणि पाणी पुरविले. फैझ महंमद व ताघ महंमद या बंधूंची उंटांची पेढी कूलगार्डीत मोठी भरभराटीस आली होती. उंटांच्या लांबच लांब रांगेस सहज वळता यावे म्हणूनच कूलगार्डी व कालगुर्लीचे मुख्य रस्ते इतके रुंद ठेवले, असे तेथे आजही सांगतात. परंतु आशियातून आलेल्या परकीयांस सोने खणण्याचा परवाना मिळत नसे. पाणवठ्यावर ते हातपाय धुतात आणि पाणी नासवितात, अशी ओरड वर्तमानपत्रांतून चाले व त्यावरून हाणामाऱ्याही होत. १९०१ साली ऑस्ट्रेलियाचे संघराज्य स्थापन झाले, तेव्हा त्याच्या आरंभीच्या कायद्यांतील एक अशा लोकांस यापुढे येऊ न देण्याचा होता. पर्थ शहरातील १९०५ साली पाया घातलेली मशीद ही या उंटवाल्यांची एक ठळक खूण होय.

आगगाडी १८९६ च्या मार्चमध्ये कूलगार्डीस आणि सप्टेंबरमध्ये कालगुर्लीस पोहोचली. तंबूंच्या जागी प्रथम पत्र्याची व कापडाची घरे आली, मग विटांची, मग दगडांची. १८९८ च्या सुमारास कूलगार्डी हे वसाहतीतील तिसऱ्या क्रमांकाचे शहर होते. सुमारे पंधरा हजार वस्ती, दोन शेअरबाजार, अनेक पेढ्या, खानावळी, मद्यगृहे आणि वर्तमानपत्रे. लंडनमध्ये कूलगार्डीच्या नावाने शेकडो कंपन्या निघाल्या. त्यांपैकी कित्येकांची खाण कागदाच्या बाहेर कोठेच नव्हती. खऱ्या खाणींवर तज्ज्ञांची गरज पडू लागली. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला हर्बर्ट हूवर १८९७ साली तेविसाव्या वर्षी अशाच एका इंग्रज कंपनीचा इंजिनियर म्हणून येथे आला होता.

परंतु याच भरभराटीत एकट्या खणणाऱ्याचा अंत लपलेला होता. वरच्या मातीतील सोने थोड्याच वर्षांत सरत आले. उरले ते खोल खडकात. कालगुर्लीच्या दक्षिणेस बोल्डर नावाच्या जागी ब्रुकमन व पिअर्स यांनी १८९३ साली अ‍ॅडलेडच्या काही लोकांच्या भांडवलावर जमिनी धरल्या, तेव्हा इतर खणणारे त्यांची थट्टा करीत. तेथेच पुढे जगातील अत्यंत संपन्न अशा सोन्याच्या खडकांचा पट्टा निघाला. तो खडक फोडावयास खोल विवरे, वाफेची यंत्रे आणि रसायने लागत; घमेल्याने तो उफणता येत नसे. सोने तेथे काही अंशी टेल्युरियम या मूलद्रव्याशी मिसळलेले होते, आणि ते १८९६ मध्ये ओळखू येईपर्यंत असे दगड निरुपयोगी म्हणून रस्त्यांतील खड्ड्यांत भरले जात व नंतर तेच रस्ते लोकांनी उकरले, अशी गोष्ट अजून तेथे सांगितली जाते.

एकटा खणणारा आणि कंपनी यांचा झगडा १८९८ मध्ये उघड्यावर आला. कंपन्यांनी पट्ट्याने घेतलेल्या जमिनीतही सुट्या मातीतील सोने काढण्याचा हक्क परवानेवाल्यांस कायद्याने होता. कनोना येथे असे मातीतील सोने खूप खोल गेलेले आढळले, तेव्हा सरकारने नियम केला की, अशा माणसाने दहा फुटांखाली जाऊ नये. दहा फुटांखालचे सोने कंपनीचे! लोकांनी नियम मोडला आणि तुरुंगवास पत्करला. मार्चमध्ये फॉरेस्ट स्वतः कालगुर्लीस आला असता संतप्त जमावाने त्यास धक्काबुक्की केली. नियम मागे घेण्यात आला. तथापि दुहेरी हक्काची ती पद्धतच लवकर कायद्याने बंद झाली. ज्याने काल स्वतःच्या चार खुंट्यांत कुदळ चालविली, तो आज कंपनीच्या विवरात रोजाने उतरू लागला. सोन्याचे शेत जाऊन सोन्याचा कारखाना आला.

कारखान्याला पाणी लागते, आणि कारखान्यातील मजुराच्या बायकामुलांनाही लागते. फॉरेस्टने १८९६ साली पंचवीस लाख पौंड कर्ज काढून समुद्राकडील टेकड्यांतून या माळावर पाणी नेण्याची योजना विधिमंडळापुढे मांडली. ही रक्कम वसाहतीच्या एका वर्षाच्या महसुलाशी बरोबरी करील एवढी होती. योजना बांधून काढण्याचे काम चार्ल्स येल्व्हर्टन ओकॉनर या मुख्य इंजिनियराकडे होते. हा आयर्लंडमध्ये जन्मलेला, न्यूझीलंडमध्ये अनुभव घेतलेला मनुष्य. फ्रीमँटलचे बंदर त्याचेच. पर्थजवळ हेलेना नदीवर मंडेरिंग येथे धरण बांधावयाचे. तेथून ३३० मैल लांब, ३० इंच व्यासाच्या पोलादी नळातून, आठ ठिकाणी वाफेच्या पंपांनी ढकलीत, हजार फुटांहून अधिक चढ चढवून पाणी कालगुर्लीच्या माथ्यावरील टाक्यांत सोडावयाचे. आणि तेही दररोज ५० लाख गॅलन. नळ गळू नये हा खरा प्रश्न होता. मेफन फर्ग्युसन या कारखानदाराने अर्धगोल वाकविलेले दोन पत्रे दोन्ही कडांस लोखंडी पट्ट्यांत पकडून, रिव्हेट न मारता, नळ करण्याची युक्ती काढली होती. तिचा येथे उपयोग झाला. पोलाद जर्मनीतून व अमेरिकेतून आले आणि सुमारे साठ हजार नळ जोडले गेले.

काम चालू असताना टीकेचा भडिमार कधी थांबला नाही. पाणी चढावर जाणार नाही, नळ फुटेल, पाणी पोहोचेपर्यंत सोने संपेल, असे लोक म्हणत. फॉरेस्ट १९०१ मध्ये संघराज्याच्या राजकारणात गेला व ओकॉनरचा आधार तुटला. मग त्याच्यावर लाचलुचपतीचे आरोप छापून येऊ लागले. १९०२ च्या मार्चच्या १० तारखेस सकाळी तो नित्याप्रमाणे घोड्यावरून फ्रीमँटलच्या दक्षिणेस समुद्रकिनारी गेला आणि तेथे त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. वय ५९ वर्षांचे. योजना ठीक आहे, संधी मिळती तर आपण ती पुरी केली असती, अशा आशयाची चिठ्ठी त्याने मागे ठेविली होती. आणि त्या चिठ्ठीत धरणाजवळील एका कामाविषयी सूचनाही होती. पुढे चौकशीत त्याच्या स्वतःच्या सचोटीवर ठपका आला नाही.

१९०३ च्या जानेवारीच्या २४ तारखेस फॉरेस्टने सकाळी कूलगार्डीस आणि दुपारी कालगुर्लीस पाणी सोडले. पाणी चढावर गेले. नळ फुटला नाही. मात्र इतिहासाने येथे एक कठोर विनोद केला. पश्चिम ऑस्ट्रेलियातील सोन्याचे त्या काळातील उत्पादन कळसास पोहोचले तेही याच १९०३ साली, आणि त्यानंतर ते उतरू लागले. घशाला कोरड पडून ज्यांनी माती उफणली त्यांच्यासाठी हे पाणी दहा वर्षे उशिरा आले. बेली तर १८९६ मध्येच, एकतिसाव्या वर्षी, मरण पावला होता. हॅननला सरकारने १९०४ पासून वर्षास शंभर पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. १९२५ साली तो मेलबोर्न येथे वारला.

मग पाण्याने केले काय? एवढेच खरे की, नुसत्या पाण्याने शहर टिकत नाही. कूलगार्डीलाही तोच नळ मिळाला. पण तिच्या पोटातील सोने उथळ होते, आणि आज तेथे हजार माणसेही राहत नाहीत. कनोना तर नामशेष झाली. कालगुर्लीजवळ मात्र खोल खडक आणि पाणी ही दोन्ही होती, म्हणून ती राहिली. बोल्डरच्या जुन्या खाणी १९८९ साली एकत्र करून जे प्रचंड उघडे विवर खोदण्यास आरंभ झाला, ते आता साडेतीन किलोमीटर लांब आणि सहाशे मीटरहून खोल आहे. शहराची वस्ती तीस हजारांच्या आसपास असून ती अजून मंडेरिंगचेच पाणी पिते. त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्या नळास फाटे फोडून वाटेवरील गव्हाच्या प्रदेशास पाणी देण्यात आले, आणि सोन्यासाठी आणलेल्या पाण्याने धान्य पिकविणारी गावे जगविली.

हा इतिहास जुना झाला असे समजण्याचे कारण नाही. एकविसाव्या शतकात सहारा वाळवंटात तोच प्रयोग पुन्हा चालू आहे. सुदानातील दारफूरच्या जबल आमिर येथे २०१२ साली, नायजर देशाच्या जादो पठारावर २०१४ साली सोन्यासाठी हजारोंची झुंबड उडाली. मॉरिटानियात नुआकशोत व नुआधिबू या दोन शहरांमधील हमरस्त्यावर २०१२ मध्ये वसविलेले शामी हे गाव २०१६ नंतर सोन्याच्या दगडांचे दळप करणाऱ्या घरट्यांनी गजबजून गेले. घमेल्याची जागा धातुशोधक यंत्राने आणि फुंकरीची जागा पाऱ्याने घेतली आहे. परंतु पाणी तेथेही टाक्यांतून विकत येते, आणि पारा ज्या मातीत सांडतो तिच्याखालीच उद्याचे पाणी आहे. या गावांची कूलगार्डी होणार की कालगुर्ली, हे ठरावयाचे आहे. आणि ते सोन्याच्या भावावरून ठरणार नाही.

नवी वस्ती कोठे व्हावी हे सोने सांगते. ती राहावी की जावी हे खोल खडक आणि पाणी ठरवितात. आणि पाणी कोणाचे, ते कोणी वाहून आणावे, कोणी प्यावे, हे माणसे ठरवितात. कालगुर्लीच्या रस्त्यावरील छागल ज्याच्या हाती दिली त्या हॅननने नळ बांधला नाही. ती खरोखर ज्यांची, त्यांत खडकातील पाणी झाकून ठेवणारे होते, कराचीहून उंट घेऊन आलेले होते आणि एका सकाळी समुद्रावर गेलेला एक इंजिनियरही होता. तिच्यातील पाणी पिणाऱ्याने एवढे ध्यानात ठेविले तरी पुरे.